भाचीला अकरावी सायन्स की आयटीआय (वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन)? सल्ला हवा आहे

नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असतो. मी ठाण्यात, ताई परभणी जिल्ह्यात, जिंतूरच्या पुढे एका खेड्यात. भाचीचा दहावीचा निकाल लागला, ७१ टक्के, गणितात ६२. दाजींचं म्हणणं, लातूरला अकरावी सायन्स आणि सोबत क्लास. खोली, मेस, क्लास धरून दोन वर्षांचा जो आकडा त्यांनी सांगितला तो ऐकून मी गप्प बसलो. त्यासाठी विहिरीजवळचं एक एकर गहाण टाकायची तयारी आहे. पोरगी म्हणते, मला आयटीआयला जायचंय, वीजतंत्री.

हे कुठून आलं ते सांगतो. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर तीच बघते. फ्यूज उडाला, कंडेन्सर गेला की गावातला वायरमन दोन-दोन दिवस फिरकत नाही, दाजींना त्यातलं कळत नाही. ही त्या वायरमनच्या मागे उभी राहून राहून शिकली. मागच्या हिवाळ्यात रात्रीच्या लाइटीवर हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि मोटार नुसती घुं-घुं करत होती, तेव्हा हिनेच 'तीनपैकी एक फेज नाहीये, बंद करा, जळेल' म्हणून वाचवली. तरी घरात कुणाला हे शिक्षण वाटत नाही. 'पोरीनं पोलवर चढायचं का?' असं आजी म्हणाली, बाकीचे नुसते जमिनीकडे बघत बसले.

माझी नोकरी हिशेबाची, या जगातलं मला ओ की ठो कळत नाही. आयटीआय केलं की पुढचं शिक्षण बंद होतं का? वीजतंत्रीच घ्यावं की दुसरा ट्रेड (व्यवसाय)? त्यात दोन जणांनी गोंधळ वाढवलाय. एका खासगी आयटीआयचा माणूस घरी येऊन 'हजेरीचं आम्ही बघून घेऊ' सांगून गेला. दुसरा एक जण सरकारी योजनेतला तीन महिन्यांचा फुकट कोर्स सुचवतोय, लगेच प्रमाणपत्र, लगेच नोकरी. दाजींना सगळ्यात तेच पटलंय, म्हणजे बघा.

तिरकस
सल्ला देणाऱ्यांनी आधी स्वतःची पोरं कुठे शिकतात तेवढं लिहावं. दुसऱ्याच्या पोरांसाठी आयटीआय सगळ्यांनाच छान वाटतं.

निवृत्त निदेशक
तिरकसरावांचा टोमणा मान्य. माझा धाकटा मुलगा आयटीआयचाच, यंत्रकारागीर (मशिनिस्ट). आता बोलू का?

मी आयटीआयत जोडारी (फिटर) ट्रेडचा शिल्प निदेशक, म्हणजे शिकवणारा, होतो. शिक्षण बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला पदविकेच्या (डिप्लोमाच्या) थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. शिवाय बोर्डाचे दोन भाषा विषय दिले की बारावीची समकक्षता मिळते, म्हणजे 'बारावी पास हवा' असं लिहिलेल्या जाहिरातीपुढे अडत नाही. बऱ्याच पालकांना हे दोन वर्षं संपल्यावर कळतं. वीजतंत्री, तारतंत्री (वायरमन), जोडारी, कातारी (टर्नर) हे दोन वर्षांचे. संधाता (वेल्डर), नळ कारागीर (प्लंबर), कोपा (कॉम्प्युटरचा) एका वर्षाचे. लवकर सुटका म्हणून एका वर्षाचा घेऊ नका.

खासगी संस्थेला मान्यता आहे एवढ्यावर जाऊ नका. मान्यता ट्रेडनिहाय, तुकडीनिहाय असते. पाटी खरी आणि तुमच्या ट्रेडची तुकडी बिनमान्यतेची, असं होऊ शकतं. आणि हजेरी 'बघून घेऊ' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि ज्या मुलीला हात चालवायला आवडतं तिला हजेरी चुकवायला का शिकवायचं? फी सरकारी ठिकाणी किरकोळ. विद्यावेतन वर्षानुवर्षं महिन्याला ४० रुपये होतं, ते ५०० केलंय. त्यात पोट भरत नाही, पण वह्या-प्रवास निघतो. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच.

तीन महिन्यांच्या कोर्सबद्दल. केंद्राची कौशल्य विकास योजना २०१५ पासून चालू आहे, त्यातले काही कोर्स चांगले असतात. पण तो आयटीआयचा पर्याय नव्हे. महावितरणच्या विद्युत सहायकाच्या किंवा रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या जाहिरातीत आयटीआयचं व्यवसाय प्रमाणपत्र मागतात. तिथे तीन महिन्यांचा कागद चालत नाही.

वाळूजची शिफ्ट
रात्रपाळी करून आलोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. वीजतंत्री, पास होऊन चौदा वर्षं झाली. वाळूजच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे.

निदेशक साहेबांनी दारं कुठे उघडतात ते सांगितलं. मी आतलं सांगतो. 'आयटीआय चांगलं का' या प्रश्नाला अर्थ नाही. तुमच्या तालुक्यातलं ते आयटीआय, तो ट्रेड, त्यातला निदेशक, एवढंच विचारा. मी शिकलो तिथे दुसऱ्या वर्षी निदेशकाची जागा रिकामी होती. एकच सर दोन तुकड्या बघायचे. मोटार रिवाइंडिंग (जळक्या मोटारीची तार नव्याने गुंडाळणं) आम्ही फळ्यावर शिकलो. फळ्यावर! नोकरीला लागल्यावर मिस्त्रीने पहिल्या दिवशी जळकी मोटार पुढ्यात टाकली तेव्हा घाम फुटला. म्हणून फॉर्म भरायच्या आधी कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जा. ऑफिसात बसू नका, वर्कशॉप दाखवा म्हणा. पोरांच्या हातात पक्कड आहे की मोबाइल, मोटारी उघडलेल्या आहेत की रंग देऊन मांडून ठेवल्यात, ते बघा. स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी पोरं स्वतः करतात का, ते पोरांनाच विचारा, सरांना नको. आणि पोरीला सोबत न्या. तुम्हाला नाही कळलं तरी तिला कळेल.

दुसरं म्हणजे शिकाऊ उमेदवारी. पास झाल्या झाल्या ठेकेदाराकडे बारा-चौदा हजारांवर पळू नका. एक वर्ष रीतसर अप्रेंटिसशिप करा. कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये ठरले होते. पैसे ठेकेदारापेक्षा कमी वाटतात, म्हणून आमच्या तुकडीतले बरेच जण गेले नाहीत. त्यातले काही अजून दर अकरा महिन्यांनी नवीन गेटपास काढतात. वर 'ट्रेनी' म्हणतात. कसलं ट्रेनिंग, त्याच कंपनीत सातवं वर्ष आहे त्यांचं! नोंद सरकारी पोर्टलवर झालीय आणि शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळतं, तीच खरी अप्रेंटिसशिप. कंपनीच्या लेटरहेडवर 'अप्रेंटिस' लिहिलं म्हणून होत नाही.

पगाराचं खोटं सांगणार नाही. सुरुवातीची तीन-चार वर्षं कष्टाची आहेत. कायम झालेल्याचं बरं चालतं, न झालेल्याचं नाही. बाहेर वायरिंगची कामं घेणारे माझे दोन दोस्त माझ्यापेक्षा जास्त कमावतात, आता छतावरच्या सोलरची कामं धरून. पण रीतसर धंदा करायचा तर परवाना काढावा लागतो, तो त्यांनी काढलाय.

आजींना सांगा, पोलवर चढणारे वेगळे. आमच्या पॅनेल शॉपमध्ये (विजेचे कंट्रोल बोर्ड जोडतात तिथे) जोडणीला मुली आहेत. आणि कंडेन्सरला हात लावते वाचून आनंद झाला आणि भीतीही वाटली. मेन बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो. हे तिला आजच सांगा, आयटीआयची वाट बघू नका.

पदविकावाली
थेट दुसऱ्या वर्षाबद्दल एक खडा टाकते. मी आयटीआयवरून तशीच गेले. प्रॅक्टिकलमध्ये आम्ही सगळ्यांच्या पुढे, गणितात सगळ्यांच्या मागे. पहिल्या वर्षाचं गणित इतरांचं झालेलं असतं, आपलं नाही, आणि इंटिग्रेशन कुणी थांबून शिकवत नाही. माझे दोन विषय राहिले, एक वर्ष गेलं. भाचीला ६२ आहेत म्हणजे घाबरण्यासारखं नाही, पण आयटीआयची दोन वर्षं गणिताचं पुस्तक माळ्यावर टाकू देऊ नका.

धागाकर्ता (दोन आठवड्यांनी)
सगळ्यांचे आभार. सुट्टी टाकून गावी गेलो होतो. दाजींनाही ओढून नेलं. सांगितल्याप्रमाणे अकरा वाजता गेलो. वर्कशॉपमध्ये वीस-बावीस पोरं, त्यात तीन मुली. निदेशक दोन, एक कायम, एक तासिका तत्त्वावर. मोटारी उघडलेल्या होत्या, दोन तर काळ्या पडलेल्या. भाचीने एका मुलाला विचारलं, ही कशाने जळली? तो म्हणाला, सरांनी मुद्दाम एक फेज काढून दाखवली. त्यावर ती दाजींकडे बघून हसली. परत येताना दाजी एसटीत अख्खा रस्ता गप्प होते. रात्री जेवताना म्हणाले, "एकर राहू दे मग."

लेदमशीन मात्र दोन बंद दिसली, पण तो आपला ट्रेड नाही.

आता अडलंय ते प्रवेशाच्या फॉर्ममधल्या विकल्पांच्या क्रमावर. तालुक्याच्या ठिकाणी वीजतंत्री पहिला टाकायचा, की परभणीचा? परभणीला राहायची सोय बघावी लागेल, पण ताईची एक मैत्रीण म्हणते तिथलं वर्कशॉप मोठं आहे. पहिला विकल्प मिळाला आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडतो म्हणतात, म्हणून चूक नकोय. तारतंत्री दुसऱ्या नंबरवर टाकावा का? परभणीचं वर्कशॉप कुणी अलीकडे आतून पाहिलं असेल तर लिहा. मी शनिवारी परत गावी जातोय, तेव्हाच तिच्यासोबत बसून फॉर्म भरायचा आहे.