कॅलिफोर्नियाच्या तुरुंग खात्यातला ‘चीफ ऑफ स्टाफ’ नेमकं काय करतो?

लोकप्रशासन_७:
तुलनात्मक प्रशासनाच्या पेपरसाठी कॅलिफोर्नियाचं तुरुंग खातं, म्हणजे सीडीसीआर, घेतलंय. सेक्रेटरी, अंडरसेक्रेटरी, विभागांचे संचालक ही उतरंड समजली. चीफ ऑफ स्टाफ मात्र त्यात कुठे बसवावा ते कळत नाही. तो उपप्रमुख, की स्वीय सहायक? आपल्या पुण्याच्या मुख्यालयातल्या उपमहानिरीक्षकासारखा म्हटलं तर चालेल का?

आवकजावक:
नाही चालणार. उपमहानिरीक्षक हा गणवेशातला, हुकूम सोडणारा अधिकारी. त्यापेक्षा मंत्र्यांच्या कार्यालयातला विशेष कार्य अधिकारी डोळ्यांसमोर आणा. सेक्रेटरीला गव्हर्नर नेमतो आणि राज्याची सिनेट मान्यता देते. चीफ ऑफ स्टाफची नेमणूकही गव्हर्नरच करतो, पण तिला सिनेटची मान्यता लागत नाही.

हुकूम खाली जातो तो असा: सेक्रेटरी, ऑपरेशन्सचा अंडरसेक्रेटरी, प्रौढ संस्था (म्हणजे प्रौढांचे तुरुंग) विभागाचा संचालक, सहयोगी संचालक, मग वॉर्डन. (तिकडचा वॉर्डन म्हणजे आपला अधीक्षक. त्याला वॉर्डर, म्हणजे साधा पहारेकरी, समजून लिहिलेले पेपर दरवर्षी सापडतात.) या साखळीत चीफ ऑफ स्टाफ कुठेच नाही, आणि नवा माणूस नेमका इथेच चुकतो. त्याने वॉर्डनला थेट फोन करून ‘त्या यार्डाचं लॉकडाउन अजून का उठलं नाही?’ एवढंच विचारलं, तरी पलीकडे तो सेक्रेटरीचा हुकूम म्हणून ऐकला जातो. वॉर्डन घाईने यार्ड उघडतो, मारामारी होते आणि मधल्या तीन अधिकाऱ्यांना पत्ताच नसतो. म्हणून विचारणा संचालकामार्फत आणि लेखी करायची, वर ‘फक्त माहिती हवी, कार्यवाही नको’ असं स्पष्ट लिहायचं.

बाकी बरंचसं काम तारखांना बांधलेलं असतं. गव्हर्नरचा अर्थसंकल्प १० जानेवारीपर्यंत, सुधारित आकडे मेच्या मध्यापर्यंत, विधिमंडळाची मंजुरी १५ जूनपर्यंत, नवं आर्थिक वर्ष १ जुलैला. जानेवारीत मांडलेली कैद्यांची अंदाजित संख्या मेपर्यंत बदलते. ती बदलली की पदं, जेवण, औषधं, सगळेच आकडे हलतात. एका विभागाने जुनी संख्या धरली आणि दुसऱ्याने नवी, तर विधिमंडळाच्या उपसमितीसमोर सेक्रेटरीच्या तोंडून दोन वेगळे आकडे निघतात. ते आदल्या रात्री पकडायचे कोणी? चीफ ऑफ स्टाफनेच.

दप्तर_बंद:
वरचं वाचून हे काम कारकुनी वाटेल, म्हणून सॅन क्वेंटिनचं उदाहरण देतो. मे २०२० च्या अखेरीस चिनोच्या तुरुंगातून १२२ कैदी सॅन क्वेंटिनला हलवले. हेतू चांगला होता: करोनाचा धोका जास्त असलेल्यांना लागण झालेल्या तुरुंगातून बाहेर काढायचं. पण बहुतेकांची चाचणी काही आठवड्यांपूर्वीची होती, आणि पोहोचल्यावर त्यांना भरीव दारं नसलेल्या कोठड्यांत ठेवलं. साथ पसरली. २८ कैदी आणि १ कर्मचारी दगावले.

वैद्यकीय सेवा २००६ पासून संघीय न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे (प्रशासकाकडे), तर पहारा आणि कोठड्या सेक्रेटरीकडे. म्हणजे दोन साखळ्या, दोन वरिष्ठ. अशा वेळी दोन्ही बाजूंचे अधिकारी एका कागदावर आणणं हे चीफ ऑफ स्टाफचं खरं काम. कागद अर्ध्या पानाचा पुरतो. स्वॅब कोणत्या तारखेचा, किती दिवसांहून जुना चालणार नाही, बसमध्ये एका फेरीत किती जण, उतरल्यावर कोणत्या प्रकारच्या कोठडीत, आणि हे सगळं थांबवण्याचा अधिकार कोणाला. यातला शेवटचा मुद्दा सर्रास गळतो. आरोग्यवाल्यांना वाटतं पहारेवाले थांबवतील, पहारेवाल्यांना वाटतं आरोग्यवाले. बस मात्र वेळेवर सुटते.

लोकप्रशासन_७:
हे पटलं. पण न्यायालयीन खटलेही त्याच्या टेबलावर येतात असं वाचलं, ते कशाला? विधी विभाग आहे की.

आवकजावक:
खटला विधी विभागच लढवतो. पण आदेशाची झळ ज्यांना बसते त्या विभागांना खटल्याचं नावही ठाऊक नसतं. वैद्यकीय सेवेचा प्लाटा, मानसोपचाराचा कोलमन, अपंग कैद्यांचा आर्मस्ट्राँग, हे तिन्ही दशकांपासून चालू आहेत.

प्लाटामध्ये २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी १३७.५ टक्क्यांची मर्यादा कायम केली, म्हणजे मूळ रचनेच्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांहून जास्त कैदी नकोत. आता वित्त विभाग म्हणतो, कैदी घटलेत, तुरुंग बंद करून पैसा वाचवा. ट्रेसीचा २०२१ मध्ये, सुझनव्हिलमधल्या दोनांपैकी एक २०२३ मध्ये बंद झाला. पण तुरुंग बंद झाला की क्षमताही कमी होते. समजा मूळ क्षमता ८०,००० आहे, तर मर्यादा १,१०,०००. २,००० क्षमतेचा तुरुंग मिटला की क्षमता ७८,००० आणि मर्यादा १,०७,२५०. म्हणजे जागा २,००० गेल्या आणि मर्यादा २,७५० ने उतरली. बचतीची टिपणी करणाऱ्याला हे दिसत नाही, कारण त्याच्या तक्त्यात तो स्तंभच नसतो. तो स्तंभ घालायला लावणं, आणि टिपणी सेक्रेटरीकडे जाण्याआधी विधी विभागाची सही घेणं, ही चीफ ऑफ स्टाफची जबाबदारी.

दप्तर_बंद:
एक जोड. तुरुंगात मृत्यू झाला की गव्हर्नरच्या कार्यालयातून ‘काय झालं?’ असा फोन चीफ ऑफ स्टाफला येतो. तेव्हा पहिल्या टिपणात खात्रीचं, पडताळणी चालू असलेलं आणि पुढची माहिती किती वाजता, एवढंच ठेवावं. मृत्यूच्या कारणाचा तर्क लिहू नये. नातेवाइकांना कळवल्याची वेळ नोंदल्याशिवाय प्रसिद्धीपत्रक सोडू नये.

आणि वकिलाला प्रत टाकली की ईमेल गोपनीय होतो, हा समज तिकडेही आहे. प्रत्यक्षात कायदेशीर सल्ला मागितला असेल तरच संरक्षण मिळतं. एरवी कोणीही नागरिक अभिलेख मागू शकतो. ते देता येतील की नाही हे खात्याने १० दिवसांत ठरवायचं असतं, आणि ठरावीक कारणांसाठीच आणखी १४ दिवस मिळतात.