फुकट ट्रायल शुक्रवारी संपतंय, आईच्या पेन्शन खात्यातून पैसे कटण्याआधी बंद कसं करू?

कृष्णाकाठ (मंगळवार, रात्री ९:१२)
मंडळी, जरा घाई आहे. आई सांगलीला, मी पुण्यात. तिने फोनवर भजन-हरिपाठाचं एक ॲप घेतलंय. '७ दिवस मोफत, आता फक्त १ रुपया' असं लिहिलं होतं. तिने पिन टाकला, रुपया गेला, परतही आला. आता खाली बारीक अक्षरांत दिसतंय की शुक्रवारपासून वर्षाचे ७९९. खातं पेन्शनचं, फोन अँड्रॉइड, यूपीआय आहे. व्हिडिओ कॉलवर तिला प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जायला लावलं, तिथे काहीच नाही.
हे बंद कसं करायचं आणि पुढे असं होऊ नये म्हणून काय करायचं? अट एकच. त्यासाठी नवं खातं, नवं कार्ड, कसलाही खर्च नको.

बिनधास्त_भाऊ (९:१८)
ॲप उडवा. विषय संपला. मी कायम तेच करतो.

वहिनीसाहेब (९:२५)
भाऊ, उडवून काही होत नाही हो. फोटो सुंदर करणारं एक ॲप मी असंच उडवलं होतं. ॲप गेलं, पैसे जात राहिले. ह्यांनी पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं, आणि मग महिनाभर मला 'सुंदर फोटो' म्हणून टोमणे. गूगल स्वतःच सांगतं की ॲप काढलं तरी सबस्क्रिप्शन रद्द होत नाही.

जर्सीतला_जोशी (९:४०)
आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. प्रत्येक ट्रायलला वेगळं व्हर्च्युअल कार्ड काढतो, त्यावर १ डॉलरची मर्यादा टाकतो. घ्या म्हणावं काय घ्यायचं ते. आईंना असं एक कार्ड काढून द्या.

अर्धा_चहा (९:४४)
जोशीबुवा, 'नवं कार्ड नको' हे धाग्यातच लिहिलंय. आणि हरिपाठाला डॉलरचं कार्ड? अवांतर: तुमच्याकडे प्रश्न येत नाही म्हणता, मग लोकांना नीट न विचारता प्राइमचं सदस्य केल्याच्या आरोपावरून ॲमेझॉनने २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरची तडजोड कशासाठी केली?

जर्सीतला_जोशी (९:५१)
तडजोड म्हणजे गुन्हा कबूल नव्हे. असो.

फळवाला (१०:०२)
मी तर वेगळं खातंच ठेवलंय, त्यात कायम पन्नास-साठ रुपये. यूपीआयला तेच जोडलेलं. ट्रायलवाले येतात, हात हलवत परत जातात. आईंनाही तसं उघडून द्या, पोस्टात लगेच होतं.

निवृत्त_नोटमोजे (१०:२०)
फळवाले, हे सगळीकडे चालत नाही. नॅकचं मँडेट, म्हणजे ठरलेल्या तारखेला खात्यातून आपोआप पैसे कापायची बँकेमार्फत दिलेली परवानगी, असेल आणि खात्यात पैसे नसतील तर बँक परतीचा चार्ज लावते, वर जीएसटी. बचत ५० ची, दंड ५०० चा. काउंटरच्या त्या बाजूला बसून मी असे चेहरे पुष्कळ पाहिलेत.
कृष्णाकाठ, आधी एक लक्षात घ्या. ट्रायल कुठे अडकलंय त्यावर ते कुठे सुटणार हे ठरतं. प्ले स्टोअरमार्फत घेतलं असेल तर प्ले स्टोअरमध्ये दिसेल. तिथे दिसत नाही, पिन टाकलाय आणि रुपया गेलाय, म्हणजे ॲपने परस्पर यूपीआय ऑटोपेचं मँडेट घेतलंय. तो रुपया ट्रायलची किंमत नव्हती, मँडेट लागू करण्यासाठी होता. ही सोय २०२० पासून आहे.
आईंना त्यांचं यूपीआय ॲप उघडायला सांगा. वर कोपऱ्यात त्यांचा फोटो किंवा नावाचं अक्षर असेल, त्यावर दाबलं की यादीत 'ऑटोपे' सापडेल. नावाची जागा ॲपप्रमाणे थोडी बदलते. आत चालू मँडेट दिसतील. भजनाच्या ॲपचंच नाव असेल असं नाही, कंपनीचं भलतंच नाव असू शकतं. तारीख आणि १ रुपयावरून ओळखा. त्यात 'रद्द करा' असतं, पुन्हा पिन लागतो, तेव्हा आईंना फोनवर घेऊनच करा. पिन मात्र तुम्हालाही सांगायला लावू नका.
क्रम असा ठेवा. आधी भजनाच्या ॲपमध्ये जाऊन सदस्यत्व रद्द, त्याचा स्क्रीनशॉट. मग मँडेट रद्द. नुसतं मँडेट तोडलं तर काही जण 'तुमची रक्कम थकली' म्हणून मेसेजचा भडिमार करतात.

शंकासूर (१०:३१)
एवढा खटाटोप कशाला? रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ओटीपी दिल्याशिवाय पैसे कटूच शकत नाहीत. ओटीपी आला की द्यायचा नाही.

निवृत्त_नोटमोजे (१०:३८)
चूक. ओटीपी किंवा पिन लागतो तो मँडेट नोंदवताना. त्यानंतर १५,००० पर्यंतच्या कपातीला पुन्हा काही लागत नाही. ही मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढवली. नियम सांगतो तो एवढाच की पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना आली पाहिजे, त्यात कोण, किती आणि कधी कापणार हे हवं, आणि नको म्हणायची सोय हवी.

शंकासूर (१०:४१)
मला ओटीपी येतो.

निवृत्त_नोटमोजे (१०:४३)
तुमचं कार्ड परदेशी व्यापाऱ्याकडे असेल किंवा रक्कम मोठी असेल. इथे विषय यूपीआयचा आहे.

सफरचंदी (१०:५०)
आयफोन घ्या म्हणजे हा त्रासच नाही. सेटिंग्ज, वर आपलं नाव, सबस्क्रिप्शन्स, रद्द. फक्त ट्रायल संपायच्या निदान २४ तास आधी करायचं. आणि ॲपलचं स्वतःचं ट्रायल असेल तर रद्द केल्या क्षणी बंद होतं, उरलेले दिवस मिळत नाहीत, त्यामुळे ते शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी करावं.

अर्धा_चहा (१०:५२)
७९९ वाचवायला आयफोन. वाचनखूण साठवली.

हरिभक्त_पारायण (११:०५)
मुळात हरिपाठासाठी ॲप हवंच कशाला? देवळाबाहेर दहा-वीस रुपयांत पुस्तिका मिळते. पहाटे रेडिओ लावा. आमच्या आईला सगळे अभंग पाठ होते, फोनशिवाय.

वहिनीसाहेब (११:११)
+१. पण त्या पुस्तिकेतली अक्षरं वाचायला आधी भिंग घ्यावं लागतं, त्याचाही खर्च धरा.

बिनधास्त_भाऊ (११:१५)
मी अजूनही म्हणतो, ॲप उडवा.

लेखनिक (बुधवार, सकाळी ७:३०)
नोटमोजेकाकांनी सांगितलेलंच पुन्हा सांगतो: यूपीआय ॲपमधलं ऑटोपे बघा. माझी भर एवढीच की शुक्रवारवर ढकलू नका. ऑगस्ट २०२५ पासून ऑटोपेची कपात गर्दीच्या वेळा सोडून होते: सकाळी १० च्या आत, दुपारी १ ते ५, रात्री ९:३० नंतर. म्हणजे शुक्रवारी आई दूध तापवत असतानाच पैसे जाऊ शकतात. आजच उरका.
पुढच्यासाठी फुकटचा उपाय: ट्रायल घेतलं की लगेच रद्द करायचं. बरीच ॲप्स रद्द केल्यावरही मुदत संपेपर्यंत चालतात. गजर लावण्यापेक्षा हे बरं, गजर आपण बंद करून झोपतो.
रद्द करायचं बटण सापडतच नसेल तर १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ प्रकारच्या फसव्या रचनांवर बंदी घातली, त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे. घ्यायला एक बटण आणि सोडायला सात पानं, हा त्यातलाच प्रकार.

फळवाला (७:५२)
हेल्पलाइन वगैरे ठीक. माझं खातं मात्र पन्नास रुपयांत मजेत आहे.

कृष्णाकाठ (बुधवार, रात्री ८:०५)
सगळ्यांचे आभार, विशेषतः नोटमोजेकाकांचे. मँडेट सापडलं. नाव खरंच भलतंच होतं, कुठल्याशा 'टेक्नॉलॉजीज'चं. आणि एक बघा: ॲपवर ७९९ लिहिलंय, मँडेटमध्ये मात्र 'कमाल रक्कम १,९९९, वार्षिक', आणि संपायची तारीख पार पुढच्या दशकातली. म्हणजे उद्या दर वाढवला तरी त्या रकमेपर्यंत परस्पर कापता येणार. पिन टाकताना हे पडद्यावर असतं, पण आईने पाहिला तो १ रुपया.
रद्द करायला सांगितलं तर आई म्हणाली, "केबलवाल्याला दर महिन्याला देते ते दिसत नाही तुला?" तिला मोठी अक्षरं आणि सोबत चालणारा आवाज आवडलाय. शेजारच्या काकू पण येऊन बसतात म्हणे. तेव्हा ठेवतोय. शुक्रवारी ७९९ कटू देत. कटल्याचा मेसेज आला की तासाभरात मँडेट रद्द, म्हणजे वर्ष तिचं आणि पुढच्या वर्षीची कपात नाही. काकांनी सांगितलेली २४ तास आधीची सूचना आजच येऊन पडली होती, ती लग्नाच्या आमंत्रणांच्या आणि लोनच्या मेसेजांखाली सापडली.

बिनधास्त_भाऊ (८:१४)
मग धागा कशाला काढला?

निवृत्त_नोटमोजे (८:३०)
चालेल. मँडेट तोडल्यावर 'रद्द' अशी नोंद दिसते का बघा. 'स्थगित' नावाचा वेगळा पर्याय असतो, त्यावर चुकून दाबलं तर मुदत संपल्यावर ते पुन्हा चालू होतं.

वहिनीसाहेब (८:३६)
ॲपचं नाव व्यनित (व्यक्तिगत निरोपात) कळवाल का? सासूबाईंसाठी हवंय.

शंकासूर (८:४०)
शुक्रवारी ओटीपी येईल बघा.