पार्लरमध्ये वीव्ह सुरू करावं का? पार्लरवाल्यांनी आणि वापरणाऱ्यांनी, दोघांनीही बोला

मिरजेची पार्लरवाली (धागा सुरू करणारी)

नमस्कार मंडळी. मिरजेत माझं लेडीज पार्लर आहे, चौदा वर्षं झाली, मी आणि हाताखाली दोन मुली. गेल्या लग्नसराईपासून एक्स्टेन्शनची, म्हणजे केसांना जोड लावायची, विचारणा इतकी वाढलीय की आठवड्याला चार-पाच जणी तरी विचारतात आणि क्लिपवालं नको म्हणतात, "ताई ते शिवतात ते करता का" असं थेट. म्हणजे वीव्ह. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्याच केसांच्या डोक्याला चिकटून ओळीनं बारीक वेण्या घालायच्या आणि त्या वेण्यांवर केसांची पट्टी, म्हणजे वेफ्ट, बाकदार सुईनं दोऱ्यानं शिवायची. गोंद नाही, हीट नाही, सहा ते आठ आठवडे राहतं.

एक सप्लायर मागं लागलाय, दोन दिवसांचा क्लास फुकट, फक्त माल त्याच्याकडनंच घ्यायचा. पैसा दिसतोय, नाही कशाला म्हणू, खुर्चीचं भाडं आणि मुलींचे पगार वाढलेत. पण मागच्या महिन्यात एक मुलगी आली, दुसरीकडे केलेलं वीव्ह काढून घ्यायला. तिनं ते साडेतीन महिने ठेवलं होतं, कुणी तिला काढायची तारीखच सांगितली नव्हती. अडीच तास लागले मला. कानाच्या वर दोन्ही बाजूला बोटभर जागा मोकळी झालेली, तिथली कातडी चकाकत होती. पोरगी पंचविशीची, आरशात बघून नुसती रडत होती आणि मला काय बोलावं सुचेना.

तेव्हापासून माझं मन "करू नये" कडेच जातंय. कुणाचं वेगळं मत असेल तर खुल्या मनानं ऐकीन, खरंच.

ठाण्याहून, सलोनवाली

ताई, मी चार वर्षं करतेय आणि मला तुमचं पटलेलं नाही. तुम्ही जे सांगितलं तो वीव्हचा दोष नाही, ज्या बाईनं केलं आणि तारीख दिली नाही तिचा आहे. उद्या कुणी रिबॉन्डिंग करताना केस जाळले तर आपण रिबॉन्डिंग बंद करतो का? माझ्याकडे नियम आहे, काढायची तारीख आणि काढायचे पैसे बसवतानाच घ्यायचे. पैसे आधी दिले की बाई सहाव्या आठवड्याला बरोबर येते, नाहीतर चार हजार कोण देणार म्हणून घरीच ओढत बसते. आणि तुम्ही नाही म्हणालात तर ती मुलगी घरी जाऊन गप्प बसत नाही, ती त्या दोन दिवसांच्या क्लासवालीकडेच जाते. चौदा वर्षांचा हात असलेल्या बाईनं अंग काढून घेतलं तर डोकी कुणाच्या ताब्यात जातात याचा विचार करा.

एक स्किनची डॉक्टर

ओपीडीत हे रोज बघते म्हणून लिहितेय. याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात, सततच्या ओढीनं केस जाणं. हा काही आजचा रोग नाही, १९०७ मध्ये ग्रीनलँडमधल्या केस घट्ट बांधणाऱ्या बायकांमध्ये याचं वर्णन झालेलं आहे. सुरुवातीला ओढ थांबवली तर केस परत येतात. पण ओढ चालूच राहिली तर मुळाच्या जागी व्रण तयार होतो आणि मग काही येत नाही, ना तेलानं ना औषधानं. तुम्ही जी चकाकणारी कातडी म्हणताय ना, त्याचीच मला काळजी वाटली. त्या मुलीला लगेच कुणाला तरी दाखवायला सांगा, प्लीज.

कपाळाच्या आणि कानाच्या कडेचे केस सगळ्यात नाजूक, पहिले तेच जातात. बसवल्यावर डोकं दुखतंय, कडेला बारीक पुळ्या आल्यात, झोपताना ठणकतंय, यातलं काहीही झालं तर "दोन दिवसांत सवय होईल" असं सांगू नका, त्याच दिवशी सोडवा.

लंडनच्या एका उपनगरातून

मी मूळची चिपळूणची, इथे अकरा वर्षं हेअरड्रेसर आहे, आमच्या सलोनमध्ये निम्म्याहून जास्त क्लायंट कॅरिबियन आणि आफ्रिकन घरांतल्या. मुळातली एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. वीव्ह ज्या केसांसाठी तयार झालं ते आपले केस नाहीत. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या क्रिस्टिना जेन्किन्स या कृष्णवर्णीय बाईनं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हे तंत्र बसवलं आणि पेटंट घेतलं. त्या केसांना घट्ट कुरळं वळण असतं, एकदा वेणी घातली की केस केसाला धरून ठेवतो, त्यामुळे फार न ओढताही ती वेणी टिकते. आपला केस सरळ, गुळगुळीत, वर तेल. वेणी आठ-दहा दिवसांत सरकायला लागते. मग बसवणारी काय करते, पुढच्या वेळी अजून घट्ट घालते, सगळी गोची तिथेच आहे! म्हणजे ठाण्याच्या ताई म्हणतात तसा हात चांगला असला तरी सरळ केसांवर हे तंत्र तुम्हाला ओढायलाच लावतं.

आणि इथल्या बायकांनाही याचा त्रास झालाय बरं का, त्यांच्याकडे हे सुखानं चालतं असं अजिबात नाही. पण निदान त्यांच्यात बघून-बघून शिकलेली माहिती आहे, आई-मावशीकडून आलेली, किती दिवसांनी काढायचं, मधे केसांना किती आठवडे मोकळं ठेवायचं. ब्रिटनमध्ये तर २०२१ पर्यंत हेअरड्रेसिंगच्या ट्रेनिंगमध्ये आफ्रो केस शिकणं सगळ्यांना सक्तीचं नव्हतं, तेव्हा अर्धवट शिकलेल्यांनी काय करून ठेवलंय ते मी बघितलंय. दोन दिवसांत हे येत नाही. मला नुसत्या वेण्या सारख्या ताणाच्या घालायला सहा महिने लागले.

ठाण्याहून, सलोनवाली

लंडनच्या ताई, वेण्यांचं तुमचं बरोबर आहे, ते मान्य. पण मी वेण्यांवर शिवतच नाही, मण्यांवर शिवते. आतून सिलिकॉन लावलेल्या बारीक रिंगा, त्यात थोडे थोडे केस ओवून ओळ करायची आणि वेफ्ट त्या ओळीवर. सरळ केसांसाठी हेच चालतं. बायका याला वीव्हच म्हणतात म्हणून मीही म्हणते. डोकं घाम सोडतं, मुंबईची हवा, लोकलची गर्दी, हे सगळं धरून मी चार ओळींच्या वर जात नाही.

लंडनच्या एका उपनगरातून

हो, मण्यांचं जरा बरं. तरी वजन वजनच. एका डोक्यावर शंभर-दीडशे ग्रॅम लटकतं. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे दोन महिन्यांत ती ओळ मुळापासून दोन-अडीच सेंटिमीटर खाली येते आणि हलायला लागते, झोपेत वळलं की एकेका मुळाला हिसका बसतो. म्हणून सहा आठवडे म्हणजे सहाच. आणि चिपळूणला जुलैत हे करून बघा, ती ओळ दोन-दोन दिवस आतून ओलीच राहते. वास येतो, कोंडा वाढतो. माझ्या बहिणीला मी स्वतः नाही म्हणालेय.

पुण्यातून, वापरणारी

मी पार्लरवाली नाही, मी डोक्यावर घालणारी आहे आणि सगळा धागा वाचून जरा वाईट वाटलं. मला डेंग्यू झाला, बरी झाले आणि अडीच महिन्यांनी केस मुठीमुठीनं जायला लागले. ऑफिसात रोज कुणीतरी "अगं केसांना काय झालं" विचारायचं. मी घराबाहेर पडणं कमी केलं, भाचीच्या लग्नाला गेले नाही. मग मण्यांवरचं करून घेतलं, मागच्या बाजूला दोनच ओळी, आणि पहिल्यांदा ओढणी न घेता रिक्षात बसले. तुम्ही सगळ्या "करू नये" म्हणताय तेव्हा कुणासाठी म्हणताय तेही बघा. आम्ही नटायला नाही येत.

एक स्किनची डॉक्टर

तुमचं दुःख अगदी खरं आहे. पण सांगायलाच हवं, तापानंतरचे केस बहुतेकदा सहाएक महिन्यांत आपोआप भरतात, बाळंतपणानंतरचेही तसंच. त्या काळात उरलेल्या केसांवर वजन टाकलं तर तेच केस धोक्यात येतात. दोन ओळींवर तुमचं निभावलं याचा आनंद आहे. पण विरळ केस, पीसीओएसमुळे भांग रुंद झालेला, केमो झालेली, या बायकांना याची सगळ्यात जास्त गरज वाटते आणि शिवायला आधार लागणारा दाट केस नेमका यांच्याकडेच नसतो. केमोवाल्यांना विग किंवा स्कार्फ, यात चर्चाच नको.

नाशिकची आजी, चाळीस वर्षं वेण्या घातल्यात

अगं पोरींनो, गंगावन विसरलात का सगळ्या? आमच्या काळी प्रत्येक घरात एक गंगावन असायचंच, डब्यात गुंडाळून ठेवलेलं. वेणीत घालायचं, खोपा भरायचा, आकडे लावायचे, वर गजरा, रात्री सोडून ठेवायचं. नवरीला एक दिवसाचं काम, त्यासाठी सहा आठवडे डोक्याला शिवून कशाला ठेवायचं? मुंडावळ्या बांधल्या, गाठी पडल्या, फोटो झाले, संध्याकाळी काढून टाकलं. तुम्ही आता त्याला क्लिप-इन म्हणता आणि हजारो रुपये घेता, घ्या, पण रात्री डोकं मोकळं राहू दे.

ठाण्याहून, सलोनवाली

आजी, नवरीसाठी शंभर टक्के मान्य, मीही नवरीला क्लिपच लावते. पण नोकरीवालीला रोज सकाळी सातच्या लोकलआधी क्लिपा लावत बसायला वेळ कुठे.

कोल्हापूरचा, सलोन आणि हेअर पॅच

वेगळा मुद्दा मांडतो. हे केस येतात कुठनं ते कुणी विचारलं का? आमच्याकडनं हरिप्रिया एक्सप्रेसनं बायका तिरुपतीला जातात, नवस फेडायला तिरुमलाला कल्याणकट्ट्यावर, म्हणजे मुंडनाच्या जागी, केस उतरवतात, देवस्थान त्या केसांचा लिलाव करतं. तो एकाच दिशेनं कापलेला लांब केस, मूळ एकीकडे टोक एकीकडे, त्याला रेमी म्हणतात. आणि दुसरा माल म्हणजे गल्लीत "केसावर भांडी" ओरडत फिरणारे जो गुंता गोळा करतात तो, कंगव्यातला. त्यात मूळ-टोक सगळं उलटसुलट. तो सोडवून, अ‍ॅसिडमध्ये वरचा पापुद्रा काढून, सिलिकॉन चढवून चकाचक करतात. चार वेळा धुतला की सिलिकॉन गेलं आणि जटा झाल्या. फुकट क्लासवाला सप्लायर तुम्हाला कुठला देणार सांगा बघू? कच्चा केस बाहेर स्वस्तात जातोय म्हणून सरकारनं जानेवारी २०२२ मध्ये निर्यातीवर निर्बंध आणले, इतका मोठा हा धंदा आहे. मी तरी आता देवाला वाहिलेला केस विकत घेताना दोनदा विचार करतो. त्या बाईला त्यातला रुपया मिळत नाही.

सोलापूरहून

दादा, ती बाई विकायला गेलेलीच नसते, वाहायला गेलेली असते. माझ्या आईनं माझ्या आजारपणासाठी केस वाहिले होते, त्याचं पुढं काय झालं हा तिच्यासाठी प्रश्नच नाही, तिचा नवस पुरा झाला. आणि गुंता विकणाऱ्या आणि तो सोडवत बसणाऱ्या बायकांची चूल त्याच्यावर चालते, ते का विसरता? मालात फसवू नका एवढं म्हणा, पटेल.

कोल्हापूरचा, सलोन आणि हेअर पॅच

आईच्या भावनेबद्दल मला काहीच बोलायचं नाही. पण विकणारा आणि घेणारा मी आहे, त्यामुळं प्रश्न मला पडायलाच पाहिजे. मिरजेच्या ताईंना एकच सांगतो, पट्टी घेण्याआधी नमुना मागा आणि साध्या शाम्पूनं पाच-सहा वेळा धुऊन बघा, तेल-कंडिशनर काही नको. गुंतला तर परत पाठवा. नमुना द्यायला का-कू करणाऱ्याकडनं घेऊच नका.

मिरजेची पार्लरवाली

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. ती मुलगी काल डॉक्टरकडे जाऊन आली, डाव्या बाजूचे केस येतील म्हणालेत, उजवीकडचं सांगता येत नाही.

पुण्याच्या ताईंचं मनाला लागलं. मी "नाही" म्हणताना डोळ्यासमोर नवरीमुलीच आणल्या होत्या, अशा बायका आणल्याच नव्हत्या. आणि ठाण्याच्या ताई, तुम्ही म्हणता की आपण नाही केलं तर ती दुसरीकडे जाते, हे खरंय, पण मला येत नसलेलं काम मी त्या भीतीनं सुरू करणार नाही. वेण्यांवरचं शिवण माझ्या पार्लरमध्ये होणार नाही, एवढं पक्कं केलंय. सप्लायरला आज फोन करून नाही सांगितलं, तो म्हणाला पुढच्या गल्लीतली घेतेय, म्हटलं घेऊ दे.

मण्यांचं मात्र शिकायचंय, पण डोक्यावर नाही, आधी डमीवर आणि मग ज्यांचा केस दाट आहे अशा कुणावर तरी. ठाण्याच्या ताई, तुमच्याकडे येऊन आठ-पंधरा दिवस नुसतं बघत बसले तर चालेल का? बसवताना नको, मला काढताना बघायचंय. दिवसाला पन्नास-शंभर केस तसेही गळतात, त्यातले ओळीतले तिथेच अडकून राहतात, सहा आठवड्यांनी मोठा पुंजका हातात येतो आणि क्लायंट घाबरते, त्यातला गळलेला कुठला आणि ओढून तुटलेला कुठला हे मला ओळखता यायला हवं.

ठाण्याहून, सलोनवाली

या की. मंगळवारी काढायची कामं ठेवते मी, इतर गर्दी नसते. राहायला माझ्याकडेच या, सासूबाई आहेत घरी. येताना त्या मुलीचे कानाजवळचे फोटो तिला विचारून आणा, मला माझ्या मुलींना दाखवायचेत.