पांढऱ्या केबिनवर गुलाबी झाक आणि सुरकुत्या : रंग पूर्ण उतरवावा की घासून पुढे जावे?

दुहेरी_चाक

गेली चारेक वर्षे मी मोटारींची मॉडेले जुळवतो आहे, परंतु ट्रक पहिल्यांदाच हाती घेतला आहे. किट १:२४ प्रमाणातले, दोन एक्सलच्या (चाकांच्या आसांच्या) युरोपीय ट्रॅक्टरचे, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकचे आहे. त्याचे सगळे प्लास्टिक गडद लाल रंगाचे आहे आणि मला केबिन पांढरी हवी आहे. मी करड्या लॅकर प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) एक पातळ हात दिला, त्यावर पांढऱ्या इनॅमलचे दोन हात दिले आणि दोन दिवस थांबून चकाकीसाठी लॅकरचा पारदर्शक स्प्रे मारला. दरवाज्यांच्या कडांना गुलाबी झाक आधीच आली होती, तिच्याकडे मी काणाडोळा केला. मात्र पारदर्शक थर बसताच छपरावरचा रंग बोटाने साय सरकवावी तसा सुरकुतला. आता रंग पूर्ण उतरवणे इष्ट की वाळल्यावर घासून त्यावरच पुन्हा रंगवणे इष्ट?

दुसरा प्रश्न चॅसिसचा, म्हणजे खालच्या सांगाड्याचा आहे. मला हा ट्रक तीन एक्सलचा करायचा आहे. माझ्या सुट्या भागांच्या डब्यात १:२५ प्रमाणातल्या एका अमेरिकन किटचा मागचा एक्सल चाकांसह पडून आहे. दोन्ही प्रमाणांत अवघ्या चार टक्क्यांचा फरक आहे, तो कोणाच्या लक्षात येईल असे मला वाटत नाही. तरीही चॅसिस कापण्यापूर्वी विचारून घेतो.

थरावर_थर

तुमच्या केबिनवर दोन स्वतंत्र दोष एकाच वेळी दिसत आहेत आणि त्यांची कारणे वेगळी आहेत.

गुलाबी झाक प्लास्टिकमधूनच आली आहे. लाल प्लास्टिकमधला रंग काही किटांमध्ये लॅकरच्या थिनरने सुटतो आणि ओल्या थरातून वर चढतो. एका पातळ प्रायमरने तो अडत नाही, आणि वर पांढऱ्याचे कितीही हात दिले तरी झाक रेंगाळतच राहते. अशा वेळी प्रायमरवर चंदेरी लॅकरचा एक अखंड थर देतात. त्यातले धातूचे चपटे कण एकमेकांवर खवल्यांसारखे बसतात आणि खालचा रंग वर येऊ देत नाहीत. चंदेरी थर हलक्या फवाऱ्यांनी चढवावा. पहिल्याच हाताला भरपूर ओले मारले तर थिनर थेट प्लास्टिकपर्यंत पोहोचतो आणि मूळ दुखणे पुन्हा सुरू होते.

सुरकुत्यांचे कारण थरांच्या क्रमात आहे. लॅकर थिनर उडून गेल्यावर वाळते. इनॅमल मात्र थिनर उडून गेल्यानंतरही हवेतील ऑक्सिजनशी संयोग होत सावकाश पक्के होते, आणि त्याला कित्येक दिवस, जाड थर असल्यास कित्येक आठवडे लागतात. हाताला कोरडे लागणारे दोन दिवसांचे इनॅमल आतून कोवळेच असते. त्यावर लॅकरचे जहाल थिनर पडले की वरचा पापुद्रा फुगतो, त्याला पसरायला जागा नसते आणि तो घड्या घालतो. म्हणून खाली लॅकर, त्यावर ॲक्रिलिक आणि सर्वांत वर इनॅमल, हा क्रम बहुतेक जण पाळतात. फटींत काळपटपणा आणणारे पातळ इनॅमल वॉश शेवटी चालते तेही याचमुळे, कारण इनॅमलचे सौम्य थिनर खालच्या पक्क्या थराला धक्का लावत नाही.

माझे मत विचाराल तर रंग पूर्ण उतरवा. नंतर केबिनवर प्रायमर, चंदेरी, पांढरा आणि पारदर्शक असे चारही थर लॅकरचेच द्या. हे सारे आधी त्याच किटच्या रिकाम्या लाल स्प्रूवर (भाग ज्याला जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर) करून पाहा. बरेच जण प्लास्टिकच्या चमच्यावर चाचणी घेतात. रंगाची छटा पाहायला चमचा उत्तम आहे, परंतु त्यात तुमच्या किटमधला लाल रंग नसतो, त्यामुळे या बाबतीत तो काहीच सांगणार नाही.

फटीतली_धूळ

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. घासून पुढे जाण्याचा मार्ग मी एकदा स्वतः चोखाळला होता, त्याचा अनुभव सांगतो. एका मोटारीच्या बॉनेटवरच्या सुरकुत्या मी आधी १००० आणि मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासल्या. पृष्ठभाग काचेसारखा झाला आणि मी खूश होऊन पुन्हा रंग दिला. नंतर खिडकीजवळच्या उजेडात पाहिले तर दरवाज्याभोवतीची रेघ बुजून नुसता खोलगट ओरखडा उरला होता. त्या मॉडेलचे दार आजही चितारल्यासारखे दिसते.

यामागे साधे गणित आहे. खऱ्या ट्रकच्या दाराभोवती ४ मिलिमीटरची फट असेल तर १:२४ मध्ये ती जेमतेम ०.१७ मिलिमीटर असायला हवी. उलट मॉडेलवर ०.१ मिलिमीटर रंग चढला तर तो खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर जाडीचा लेप दिल्यासारखा होतो. थर अंगावर वाढू देणे आपल्याला मुळीच परवडत नाही.

रंग उतरवण्यासाठी मी तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. केबिन झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवावी आणि दर काही तासांनी जुन्या मऊ टूथब्रशने हलकेच घासावी. ॲक्रिलिक लवकर सुटते, लॅकर आणि इनॅमलला अधिक वेळ लागतो आणि प्रायमर काही ठिकाणी चिकटून राहतो. तो गुळगुळीत असेल तर तसाच राहू द्यावा. पारदर्शक काचा आणि रेझिनचे भाग त्यात चुकूनही टाकू नयेत, कारण काचांना तडे जाऊ शकतात आणि रेझिन मऊ पडू शकते. ॲसिटोनचा तर विचारही नको, त्यात केबिनच विरघळेल. अर्थात खिडक्या उघड्या, हातात मोजे आणि आसपास ज्योत नाही, हे ओघाने आलेच. नंतर केबिन भांड्यांच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवावी आणि रंग होईपर्यंत बोटे बाहेरून लावू नयेत.

लांब_चॅसिस

मी एक्सलच्या प्रश्नापुरते लिहितो.

१:२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच, मोजायला सोयीचे प्रमाण. १:२५ रूढ झाले ते अमेरिकेत, जिथे १९५० च्या दशकात मोटारविक्रेते नव्या गाड्यांची याच प्रमाणातली जाहिराती मॉडेले वाटत असत आणि पुढे त्याच साच्यांच्या परंपरेतून जुळवायची किटे निघाली. इंजिन, आसने, आरसे, इंधनाच्या टाक्या यांत हा चार टक्क्यांचा फरक खरोखरच पचून जातो आणि मी स्वतः असे भाग बिनदिक्कत मिसळतो.

शेजारीशेजारी असलेल्या चाकांत मात्र तो पचत नाही. एक मीटर व्यासाचा टायर १:२४ मध्ये ४१.७ मिलिमीटर होतो आणि १:२५ मध्ये ४०. मागच्या दोन एक्सलांमधले अंतर प्रत्यक्षात साधारण १.३५ मीटर असते, म्हणजे मॉडेलमध्ये ५६ मिलिमीटर. इतक्या जवळच्या दोन टायरांच्या व्यासात पावणेदोन मिलिमीटरचा फरक पडला, तर चाकांची केंद्रे एका रेषेत ठेवल्यास लहान चाक जमिनीपासून सुमारे ०.८ मिलिमीटर वर तरंगते. मॉडेल काचेवर ठेवले की खालून उजेडाची फट दिसते आणि पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते.

कापण्यापूर्वी आणखी एक गोष्ट ठरवा. तुमच्या ट्रकचे मागचे दोन्ही एक्सल चालक, म्हणजे इंजिनाने फिरणारे, आहेत की एकच? दोन्ही चालक असतील तर त्या दोहोंतल्या पुढच्या एक्सलच्या घरातून मागे एक छोटा शाफ्ट निघून दुसऱ्या एक्सलला जोडला जातो. एकच एक्सल दोनदा बसवून मधली जागा रिकामी ठेवलेली बरीच मॉडेले मी पाहिली आहेत. मॉडेल उलटे केले की ट्रकची अर्धी चाके इंजिनाला जोडलेलीच नाहीत हे लगेच कळते.

चॅसिसचे दोन्ही दांडे एकाच रेषेत कापू नका. एकाचा काप दुसऱ्यापेक्षा दोनेक सेंटिमीटर पुढे घ्या आणि प्रत्येक सांध्याला आतल्या बाजूने प्लास्टिकची पट्टी जोडा. इथे सुपरग्लू नको, कारण तो सांधा ठिसूळ असतो आणि पीळ पडताच तडकतो. पातळ सॉल्व्हंट सिमेंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करते. चॅसिस सपाट काचेवर वजनाखाली रात्रभर ठेवा.

दुहेरी_चाक

सर्वांचे मनापासून आभार. केबिन अल्कोहोलमध्ये बुडवली आहे. छपरावरचा रंग चार तासांत सुटू लागला, पण दारांच्या खाचांत अजून गुलाबी रेघा आहेत. लाल स्प्रूच्या एका तुकड्यावर चंदेरी आणि त्यावर पांढरा, तर दुसऱ्यावर थेट पांढरा मारून ठेवला आहे. दुसरा तुकडा तासाभरातच गुलाबी झाला.

ज्या छायाचित्रावरून मी काम करतो आहे ते पुन्हा नीट पाहिले. त्यात मधला एक्सल चालक नाही, त्याला एकेरी टायर आहेत आणि रिकाम्या फेरीत तो वर उचललेला दिसतो.

लांब_चॅसिस

मग तर तुमचे काम पुष्कळच सोपे झाले. उचलला जाणारा एक्सल आतून इंजिनाला जोडलेला नसतो, त्यामुळे त्याला मधली गोलाकार पेटी नको, साधी नळी किंवा पट्टी पुरते. अमेरिकन एक्सल डब्यातच राहू द्या, त्याची फक्त चाके घ्या आणि प्रत्येक बाजूला एकच टायर लावा. एक्सल उचललेलाच दाखवा, म्हणजे टायर जमिनीला टेकणारच नाही आणि पावणेदोन मिलिमीटरचा हिशेब कोणी मांडणार नाही. फक्त नवा एक्सल चालक एक्सलच्या पुढे येत असल्याने इंजिनाकडून येणारा मुख्य शाफ्ट त्याच्या वरून किंवा खालून सुटतो ना, हे चिकटवण्यापूर्वी कोरडे जुळवून पाहा.

आणि ती चाके बसवताना रिम आणि टायर यांच्यामध्ये रंगाचा किंवा पांढऱ्या गोंदाचा पातळ थर असू द्या. जुन्या किटांमधल्या मऊ व्हिनाइल टायरांतील द्रव्य कालांतराने बाहेर येऊन पॉलिस्टायरीनची रिम वितळवते. तुमची चाके डब्यात किती वर्षे पडून आहेत कोण जाणे, रिमच्या कडा आधी नखाने तपासून घ्या.