मेणबत्ती: ऊर्जा नक्की येते कुठून?

दहावीची आई: मुलीच्या वहीत लिहिलंय, "बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते." बरोबर आहे का?

जुना रसायनवाला: नाही हो ताई. बंध म्हणजे अणूंना एकमेकांशी जोडून ठेवणारी पकड; ती तोडायला ऊर्जा खर्चच होते. मेणाची वाफ ऑक्सिजनशी जुळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बनतं, तेव्हा जास्त मजबूत बंध तयार होतात. त्यातून मिळते ती, खर्च वजा जाता. ग्रॅममागे साधारण ४२ किलोज्यूल. तासाला ६-७ ग्रॅम जळालं तर ७५ वॉटच्या आसपास. जवळजवळ सगळी उष्णताच.

दहावीची आई: मग पिवळा उजेड?

जुना रसायनवाला: तापलेले काजळीचे कण. ज्योतीत स्टीलचा चमचा धरा, काळा होईल. (घासायला मुलीलाच लावा.)

रात्रपाळी: विझवल्यावर येतो तो पांढरा धूर मेणाचाच. त्याला पेटती काडी लावा, ज्योत उडी मारून वातीवर येते!