अ‍ॅटलास मोठा, पण दणकट?
अ‍ॅटलास पतंग एवढा मोठा म्हणजे लडाखच्या अपोलो फुलपाखरापेक्षा दणकट असणार, असं वर कुणीतरी म्हटलंय. आकाराचं मान्य, पंख पसरले की चांगला वीतभर भरतो, पण दणकटपणाचं काही पटलं नाही बुवा. अ‍ॅटलासला मोठेपणी खायला धड तोंडच नसतं, अळी असताना साठवलेल्या चरबीवर आठवडा-दीड आठवडा काढायचा, जोडीदार गाठायचा, अंडी घातली की संपलं. अपोलो मात्र फुलांवर बसून मध पितं, अंगावर दाट केस, पंखांचा बुडाचा भाग काळपट, तो उन्हाला धरून अंग तापवतं आणि ढग आला की उडणं बंद.

आणि एक गंमत राहिलीच, मिलन झालं की अपोलोचा नर मादीच्या पोटाखाली मेणासारखं बूच बसवतो, दुसऱ्या नराला चान्सच नको! मादीचा खालून काढलेला फोटो झूम करून बघा, बऱ्याचदा दिसतं ते.