मिथेनच्या ज्वलनाची एन्थाल्पी (स्थिर दाबाला जळतानाचा उष्णतेचा हिशोब) दोन पद्धतींनी वेगवेगळी का येतेय??

बारावीचा_वैताग:
परवा थर्मोची (थर्मोडायनॅमिक्स) टेस्ट आहे आणि मी कालपासून एकाच गणितावर अडकलोय. मिथेन अधिक दोन ऑक्सिजन, त्यातून एक कार्बन डायऑक्साइड आणि दोन पाणी, एवढी साधी रिॲक्शन. फॉर्मेशन एन्थाल्पीने, म्हणजे मूलद्रव्यांपासून एक मोल पदार्थ बनतानाच्या एन्थाल्पीने केलं (मिथेन −७४.८, कार्बन डायऑक्साइड −३९३.५, पाणी −२८५.८, ऑक्सिजन शून्य) तर −८९०.३ किलोज्यूल आलं. मग तेच बाँड एन्थाल्पीने (बाँड तोडायला लागणारी ऊर्जा) केलं, सी-एच ४१४, ऑक्सिजनचा डबल बाँड ४९८, सी-ओ डबल ७९९, ओ-एच ४६३, तर आलं −७९८. ९२ चा फरक! क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणे बाँडच्या व्हॅल्यू ॲव्हरेज असतात, चालतं एवढं. मला काही पटेना. रस्ता कुठलाही घ्या उत्तर तेच, असं हेसचा नियम सांगतो ना?

निळा_लिटमस:
सर अगदीच चुकीचे नाहीत रे, ॲव्हरेज असतातच. पण निदान सी-ओ ला तू ७९९ घेतलंस ते बरं केलंस, बरेच जण टेबलमधला साधा कार्बोनिलचा (इतर रेणूंतल्या सी-ओ डबल बाँडचा) ७४५ उचलतात आणि मग उत्तर थेट −६९० वर जातं.

प्रॅक्टिकलवाली_ताई:
ॲव्हरेजमुळे ९२ चा फरक नाही पडत इथे. तुझं पाणी कुठल्या अवस्थेत आहे ते बघ आधी. −२८५.८ ही द्रव पाण्याची व्हॅल्यू आहे, आणि बाँड एन्थाल्पी नेहमी वायू अवस्थेतल्या रेणूंसाठी असते, म्हणजे दुसऱ्या पद्धतीत तू नकळत वाफ धरलीस. दोन वेगळ्या रिॲक्शन सोडवल्यास तू, हेस बिचारा काय करणार! वाफेची −२४१.८ टाकून पहिली पद्धत परत कर, −८०२.३ येईल. २५ अंशाला एक मोल वाफेचं पाणी होताना ४४ किलोज्यूल बाहेर पडतात, दोन मोलचे ८८, हाच तुझा हरवलेला आकडा. उरलेले चारेक किलोज्यूल, ते मात्र खरंच ॲव्हरेजचे. आणि हो, ४४ च्या जागी ४०.७ घेऊ नकोस, तो १०० अंशाचा आहे.

बारावीचा_वैताग:
अरेच्चा!! ताई, पेपरात कंसात एल (द्रव) की जी (वायू) लिहिलंय ते मी आजवर बघतच नव्हतो. अजून एक, फॉर्मेशनमध्ये प्रॉडक्ट वजा रिॲक्टंट आणि बाँडमध्ये उलटं, हे माझं दर वेळी गंडतं.

प्रॅक्टिकलवाली_ताई:
पाठ नको करूस. बाँड तोडायला ऊर्जा द्यावी लागते म्हणून रिॲक्टंटची बाजू अधिक, नवे बाँड जुळताना ती परत मिळते म्हणून प्रॉडक्टची वजा. तुझ्या गणितात २६५२ दिले, ३४५० मिळाले. झालं.

जर्मनीतला_नाशिककर:
हे ८८ किलोज्यूल नुसते पेपरातले नाहीत बरं का. इकडे घरं गरम करायला गॅसचे बॉयलर असतात, त्यातले नवे कंडेन्सिंगवाले धुरातली वाफ मुद्दाम थंड करून तिचं पाणी करतात आणि ती उष्णता पण वापरतात. एफिशियन्सी मात्र बऱ्याचदा वाफवाल्या आकड्यावर (८०२.३ च्या हिशोबाने) मोजतात, तेव्हा माहितीपत्रकावर १०० टक्क्यांच्या वर आकडा छापलेला असतो. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं फसवतायत लेकाचे. आपल्या शेगडीवर काय, वाफ गेली स्वयंपाकघराच्या खिडकीतून.

निळा_लिटमस:
मग याच गणिताचा पुढचा सापळा पण बघून ठेव. बाँब कॅलोरीमीटरमध्ये (ज्वलनाची उष्णता मोजायचं बंद भांडं) आकारमान बदलत नाही, तिथे डेल्टा एच (एन्थाल्पीतला बदल) नाही, डेल्टा यू (आंतरिक ऊर्जेतला बदल) मिळतो. पाणी द्रव धरलं तर वायूचे मोल तीनवरून एकवर येतात, म्हणजे डेल्टा एन (वायूच्या मोलमधला बदल) वजा दोन, आणि डेल्टा यू साधारण −८८५.३. वाफ धरली तर तीनचे तीनच, मग डेल्टा एच आणि डेल्टा यू दोन्ही सारखे.

बारावीचा_वैताग:
म्हणजे इथेही पुन्हा पाणीच बघायचं! बसतो करायला, सरांना उद्या दाखवतो, हळूच.